जुन्या मशीनवर आर्गन वेल्डिंग : पैसा कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

कापडाच्या गाद्या झाडण्यात ज्याची उमर गेली त्याने वेल्डिंगवर का लिहावे, असा सवाल वाचक करतील. जवाब सरळ आहे. या कामात माझे पैसे बुडाले आहेत आणि नंतर त्याच कामातून ते वसूलही झाले आहेत. दोन्ही वेळी जे समजले ते आपल्या बिरादरीतल्या कारागिरांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

मोमिनपुरा, हंसापुरी हे मूळचे विणकरांचे मोहल्ले. हातमाग गेले, पॉवरलूमही फारसे उरले नाहीत. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, ती बंद पडून आज त्या जागेवर मॉल उभा आहे. मागावर बसणाऱ्यांची नातवंडे आता मोटार गॅरेज, कूलर, फर्निचर आणि फॅब्रिकेशनमध्ये आहेत. पैकी फॅब्रिकेशन म्हणजे बहुतेक ठिकाणी रॉडचे वेल्डिंग : गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, कूलरचे स्टँड. हे काम नागपुरात प्रत्येक वळणावर मिळते आणि म्हणूनच त्याची मजुरी वाढत नाही. एकाने भाव सांगितला की शेजारचा त्याहून कमी सांगतो. गिऱ्हाईकही वेल्ड पाहत नाही, रंग पाहतो.

ज्याला कारागीर ‘आर्गन’ म्हणतात आणि पुस्तकात ‘टिग’ म्हणतात, ते काम करणारे हात मात्र अजून कमी आहेत. हॉटेलच्या भटारखान्यातली स्टीलची टेबले आणि सिंक, दुधाच्या टाक्या, औषध कारखान्यांचे पाईप, स्टीलचे रेलिंग, फुटलेले रेडिएटर, ही सारी कामे आर्गनची. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत त्याची गरज आहे. कोराडी व खापरखेडा येथील वीज केंद्रांच्या बॉयलरच्या नळ्यांना सांध्याचा पहिला थर याच पद्धतीने दिला जातो आणि त्यासाठी बॉयलर कायद्याखालची परीक्षा पास झालेला वेल्डर लागतो. आखातात नोकरीला जाणाऱ्यांकडून जी ‘सिक्स जी’ची चाचणी घेतात, म्हणजे पंचेचाळीस अंशांत तिरपा बसवलेला पाईप न फिरवता सगळीकडून जोडणे, तीही बहुधा आर्गनपासूनच सुरू होते. म्हणजे ग्रिलच्या दुकानातून वर जाण्याची शिडी आहे. शिडीची पहिली पायरी महाग आहे असे सर्वांना वाटते, तेच तपासून पाहू.

हे वेल्डिंग काय आहे

रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉडच जळतो, तोच वितळून सांध्यात भरतो आणि त्याच्या वरच्या मसाल्याचा धूर हवेला दूर ठेवतो. आर्गनमध्ये ही तिन्ही कामे वेगवेगळी केली आहेत. ठिणगी टंगस्टनच्या सुईतून निघते. टंगस्टन ३४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, म्हणून सुई जळत नाही. सांध्यात भरायची तार दुसऱ्या हाताने, थेंब थेंब द्यायची. आणि हवेला दूर ठेवायचे काम आर्गन वायू करतो, जो आपल्या श्वासाच्या हवेतही शेकडा एकाहून किंचित कमी असतो. तो कशाशीच संयोग करत नाही, म्हणून वितळलेला धातू गंजत नाही, मळत नाही.

हा शोध विमानांच्या कारखान्यातला. १९४० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, महायुद्धाच्या काळी, अमेरिकेतील नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत बसवली. मॅग्नेशियम साध्या वेल्डिंगने पेट घेते. तेव्हा आर्गनच्या जागी हेलियम वापरीत.

ज्याचा एक हात टॉर्च धरतो आणि दुसरा तार देतो, त्याचे काम दर्ज्यासारखे आहे. एक हात कापड सरकवतो, दुसरा दोरा सांभाळतो. ज्या मुलांनी लहानपणी शिलाईयंत्रावर हात चालवला आहे त्यांना हे लवकर जमते, असे मला दिसले. रॉडवर दहा वर्षे काढलेल्यांचा हात उलट जड असतो. त्यांना ढकलायची सवय असते आणि इथे ढकलायचे काहीच नाही.

माझे पैसे कसे बुडाले

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने हट्ट धरला, “मामू, आर्गनची मशीन घेऊ या.” नवी मशीन हप्त्यावर मिळत होती, पण हप्त्यात सूद होता, म्हणून जुनीच पाहायचे ठरले. एका शहरात (त्या शहराचे व दुकानदाराचे नाव घेत नाही) बंद पडलेल्या कारखान्याचा माल विकणारा भेटला. मशीन अवजड, परदेशी, तिच्यावर बटणे इतकी की पाहूनच विश्वास बसला. मी कापड हातात घेतले की डोळे मिटून सूत सांगतो, पण त्या दिवशी रंगाला आणि वजनाला भुललो. विकणाऱ्याने पाच मिनिटे पंखा चालवून दाखवला आणि आम्ही त्यालाच मशीन चालू समजलो.

घरी आणल्यावर एकेक गोष्ट उघड झाली. मशीन थ्री फेजची, दुकानात सिंगल फेज. ठिणगी आपोआप पाडणारा, ज्याला एच. एफ. म्हणतात तो भाग मेलेला. टॉर्च पाण्याने थंड होणारी आणि पाण्याचा पंप गायब. अशी टॉर्च पाण्याविना चालवली तर काही मिनिटांत जळते, तशी ती जळालीही. शेवटी तांब्याच्या भावाने तरी पैसे निघतील म्हणून खोलली, तर आतले वाइंडिंग अ‍ॅल्युमिनियमचे निघाले. भाचा रडवेला झाला होता. मी त्याला म्हणालो, “बेटा, चूक तुझी नाही. पैसे मोजणारा मी होतो.”

पैगंबर साहेब (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालून पाहतात आणि आतले धान्य ओले निघते, तेव्हा विक्रेत्याला ते ओले धान्य वर ठेवायला सांगतात, ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे. फिकहमध्ये लपवलेल्या ऐबाबद्दल माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिलेला आहे. पण हक्क असणे आणि तीनशे मैलांवरून ती अवजड मशीन परत नेणे, यांत फरक आहे. म्हणून ढिगात हात आधीच घालावा.

स्वस्तातली वाट

मोठी मशीन गेल्यावर एका जुन्या उस्तादाने जो मार्ग दाखवला तो असा. आज गल्लीगल्लीत रॉड वेल्डिंगची छोटी इन्व्हर्टर मशीन आहे, हातात उचलून नेता येते ती. तिच्यातून डी. सी. विजेचा प्रवाह निघतो. लोखंड आणि स्टीलच्या आर्गनला नेमका हाच प्रवाह लागतो. तेव्हा वेगळी मशीन घेण्याआधी, आहे त्याच मशीनला व्हॉल्व्हवाली टॉर्च जोडावी. ही टॉर्च हवेने थंड होते, बाजारात तिला ‘सतरा नंबर’ म्हणतात. तिच्या दांड्यावरच गॅसची चावी असते. मशीनमध्ये गॅस सोडण्याची सोय नसली तरी बिघडत नाही, नळी सिलिंडरवरून सरळ टॉर्चला येते. टॉर्च घेण्यापूर्वी मशीनच्या सॉकेटची जाडी पाहून घ्या. लहान व मोठी अशा दोन मापांची प्लग येतात आणि चुकीची आणली की पुन्हा एक खेप.

जोडणी उलटी होऊ देऊ नका. टॉर्च वजा खुणेच्या टोकाला आणि अर्थची पकड अधिकच्या टोकाला. अशा जोडणीत सुमारे दोन तृतीयांश उष्णता कामाच्या धातूत जाते आणि सुई थंड राहते. जोडणी उलटली तर सुईचे टोक गोळा होऊन थेंबासारखे गळते. नवशिक्यांच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या इथेच असतात.

या जुगाडाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सुई धातूला अलगद घासून ठिणगी पाडावी लागते, त्यात टोक खराब होते. तांब्याचा तुकडा शेजारी ठेवून त्यावर घासावे व मग सांध्यावर यावे. थांबताना प्रवाह हळूहळू कमी करण्याची सोय नसते, म्हणून शेवटी खळगा राहून तिथे तडा जातो. त्यावर उपाय म्हणजे शेवटी तारेचा एक थेंब जास्त देऊन टॉर्च मागे, तयार झालेल्या रेघेवर आणून उचलणे. आणि अ‍ॅल्युमिनियम या मशीनवर होत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर गंजाचा जो कडक पापुद्रा असतो तो फोडायला ए. सी. प्रवाह लागतो. ए. सी. आणि डी. सी. दोन्ही देणारी मशीन पुष्कळ महाग असते. म्हणून रेडिएटर आणि दुधाच्या अ‍ॅल्युमिनियम कॅनचे स्वप्न दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे.

ज्यांच्याकडे मशीन नाही आणि जुनी घ्यायची आहे त्यांनी ती चालू अवस्थेत, स्वतःच्या डोळ्यांसमोर, लोखंडावर रॉड जाळून पाहावी. एक रॉड नव्हे, लागोपाठ चार-पाच. खराब मशीन पहिल्या रॉडला छान चालते आणि तिसऱ्याला हाय टाकते. झाकणाच्या फटीतून आत डोकावावे. धूळ सर्वत्र असतेच, पण ग्राइंडरची लोखंडी भुकटी दिसली तर किंमत पाडावी. पॉवरलूमच्या शेजारी चाललेली मशीन असेल तर आत कापसाची तूस गादीसारखी बसलेली असते, ती पंख्याची वाट अडवते. जळका वास येत असेल तर सलाम करून निघावे. झाकण मात्र स्वतः उघडू नये. बटण बंद केल्यावरही आतले कपॅसिटर बराच वेळ विजेने भरलेले असतात आणि त्यांचा झटका जीव घेऊ शकतो.

मशीनच्या पाटीवर ‘२०० अँपियर, ६० टक्के’ असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ दर दहा मिनिटांत सहा मिनिटे चालवा, चार मिनिटे थांबा. हा हिशेब ४० अंश गरमीसाठी धरलेला असतो. आमच्या नागपुरात मे महिन्यात सावलीत ४५ अंश असते आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. त्यामुळे पाटीवर जे लिहिले आहे ते आपल्यासाठी नाही, त्याहून कमी धरावे. सुदैवाने आर्गनला प्रवाह थोडा लागतो. दीड मिलिमीटर स्टीलला ५० ते ६० अँपियर पुरतात, म्हणजे ढोबळ मानाने जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला ४० अँपियर. ८० अँपियरवर काम करताना मीटरवरून दीड-दोन किलोवॅटपेक्षा फारशी वीज खेचली जात नाही. रॉडच्या मानाने हे बरेच कमी आहे.

सिलिंडर : इथे कंजुषी नको

आता लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मशीन जुनी चालेल, टॉर्च जुनी चालेल, टेबल भंगारातून बनवा. पण भंगारवाल्याकडून सिलिंडर घेऊ नका.

आर्गन सिलिंडरमध्ये सुमारे १५० पट दाबाने भरलेला असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच पट दाब असतो, त्यावरून अंदाज करा. दर ५ वर्षांनी सिलिंडरची पाण्याच्या दाबाने चाचणी व्हावी लागते आणि तिची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. देशभरातील गॅस सिलिंडरचे नियम ज्या खात्याकडून राबवले जातात, त्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच शहरात, सेमिनरी हिल्सवर आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ तिथूनच पाहिले जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात ते असे, की त्याच शहरात खांद्यावरची तारीख न वाचता सिलिंडर रिक्षात आडवा टाकून नेणारे आपण रोज पाहतो.

दुसरी गोष्ट अमानतीची. गॅस एजन्सीचे सिलिंडर बहुधा अनामत ठेवून वापरायला दिलेले असतात, मालकी कंपनीची असते. कोणी ते स्वस्तात विकत असेल तर तो दुसऱ्याचा माल विकतो आहे. रंगरंगोटी करून दुसऱ्या वायूचा सिलिंडर आर्गनचा म्हणून खपवला जातो हा धोका वेगळाच. आर्गनच्या सिलिंडरचा रंग मोरपंखी निळा असतो, पण नुसता रंग पाहू नये, चिठ्ठी आणि ठोकलेली अक्षरे पाहावी. सिलिंडर अधिकृत विक्रेत्याकडूनच, पावतीसह घ्यावा. तसेच गॅस शुद्ध आर्गन हवा. सी.ओ.टू. मिसळलेला गॅस दुसऱ्या प्रकारच्या वेल्डिंगसाठी असतो, त्यात टंगस्टनची सुई क्षणात काळी पडते. आमच्या भाच्याला एकदा असाच सिलिंडर मिळाला आणि तो दोन दिवस आपल्याच हाताला दोष देत राहिला.

गॅसचा हिशेब व्यापाऱ्याने करावा असाच आहे. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर वायू. मिनिटाला ७ लिटर सोडला तर १००० मिनिटे, म्हणजे साडेसोळा तासांच्या वर प्रत्यक्ष ठिणगी चालते. शिकणाऱ्याला हे पुष्कळ आहे, कारण तासाभराच्या कामात ठिणगी वीस मिनिटेही पेटत नाही. पण सांध्यातून मिनिटाला एक लिटर गळत राहिला आणि रात्री सिलिंडरची चावी उघडी राहिली, तर बारा तासांत ७२० लिटर, म्हणजे सिलिंडरचा दहावा हिस्सा फुकट. साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड तपासा. खर्च शून्य. जास्त गॅस सोडला की वेल्ड जास्त चांगला होतो असाही एक गैरसमज आहे. उलट वेगाने सोडलेला वायू भोवरे करून बाहेरची हवा आत ओढतो. मिनिटाला ६ ते ८ लिटर बस झाले.

रेग्युलेटर आर्गनचाच, नळीत गोळी तरंगणारा घ्यावा. नवीनच घ्यावा. तसेच चेहऱ्याची काच. ४० ते १०० अँपियरला दहा नंबरची काच योग्य, त्याहून कमी प्रवाहाला नऊ. आपोआप काळी होणारी स्वस्त टोपी आर्गनच्या लहान ठिणगीला कधीकधी ओळखतच नाही. जुन्या पद्धतीची पक्की काळी काच गैरसोयीची असली तरी दगा देत नाही. आर्गनमध्ये धूर कमी असल्याने किरणे अधिक स्पष्ट पडतात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून काम केलेल्याचे हात संध्याकाळी उन्हात भाजल्यासारखे लाल होतात.

हात बसवण्याची रीत

भाच्याने पहिला आठवडा वीज न लावता काढला. कागदावर रेघ ओढून टॉर्च तिच्यावरून चालवणे, सुईचे टोक कागदापासून तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतके वर ठेवणे, बोटांतून तार पुढे सरकवणे. घरच्यांनी चेष्टा केली. पण जे मूल तख्तीवर अलिफ गिरवते तेच पुढे खत लिहिते, आमच्या शाळेत असेच शिकवीत.

दुसऱ्या टप्प्यात साधे लोखंड, दोन मिलिमीटरचे तुकडे. ते फॅब्रिकेशनच्या दुकानातून किलोच्या भावाने मिळतात. आधी ग्राइंडरने काळी साल काढून धातू चमकवावा. रॉडचे वेल्डिंग घाण खपवून घेते, आर्गन नाही. गंज, तेल, रंग, घाम, काहीही असले तरी सांध्यात भोके पडतात. तार न देता नुसती रेघ ओढत राहावी. वितळलेल्या धातूचा चकचकीत ठिपका सारख्या आकाराचा ठेवता येऊ लागला की मगच तार घ्यावी. तार ठिपक्याच्या पुढच्या कडेला टेकवायची, सुईला नाही. सुईला लागली की थांबून, टोक पुन्हा घासून यावे लागते. पहिल्या दिवशी भाच्याने सुई इतक्या वेळा घासली की उस्ताद म्हणाले, हा वेल्डिंग शिकतो आहे की पेन्सिली करतो आहे?

सुई निळ्या खुणेची घ्यावी. लाल खुणेच्या सुईत थोरियम असते, ते किंचित किरणोत्सारी आहे, घासताना उडणारी धूळ श्वासात जाणे बरे नव्हे. सुई घासताना ओरखडे लांबीच्या दिशेने पडले पाहिजेत, गोल फिरवून नव्हे. नाहीतर ठिणगी भटकते.

स्टीलला हात लावावा तो महिन्याभरानंतर. स्टेनलेस स्टील लोखंडापेक्षा उष्णता फार कमी वाहून नेते आणि तापल्यावर सुमारे दीडपट फुगते. त्यामुळे पत्रा वाकडा होतो. दर्जी जसा आधी कच्चा टाका घालतो, तसे इथेही दर दोन बोटांवर टाके देऊन मगच सांधा चालवावा आणि मागे तांब्याची पट्टी ठेवावी, ती गरमी ओढून घेते. सांधा रुपेरी किंवा फिकट सोनेरी राहिला तर काम उत्तम. निळा झाला तर चालेल. राखाडी झाला तर हात हळू किंवा प्रवाह जास्त. पाण्याच्या किंवा दुधाच्या पाईपला मागच्या बाजूनेही आर्गन द्यावा लागतो, नाहीतर आतून करपलेल्या साखरेसारखे खरखरीत दाणे येतात आणि त्यात मैल साचून सडते. बाहेरून चकचकीत आणि आतून असा पाईप देणे म्हणजे वर सुके धान्य ठेवण्यासारखेच आहे.

तारेच्या बाबतीत, ३०४ स्टीलला ३०८ एल, साध्या लोखंडाला ७० एस, आणि लोखंडाला स्टील जोडताना ३०९ एल, एवढे पाठ असले की वर्षभर अडत नाही. गिऱ्हाईक चुंबक लावून ‘३०४ आहे ना?’ विचारते. त्याला सांगा की २०२ नंबरच्या हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. बाजारात रसायनाचे थेंब मिळतात, त्यांनी फरक कळतो. पावतीवर नंबर लिहून देणाऱ्या कारागिराकडे हॉटेलवाले परत येतात, हा आमचा अनुभव.

जिवाचे सांभाळा

कूलरची टाकी जस्ताच्या पत्र्याची असते. जस्त जाळल्यावर पांढरा धूर येतो आणि तो श्वासात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आधी जस्त काढून टाकावे. स्टीलच्या धुरातले क्रोमियम त्याहून वाईट, त्याचा परिणाम वर्षांनी दिसतो, म्हणून दारे उघडी ठेवून बसावे. तेल पुसायला क्लोरीन असलेली रसायने वापरू नयेत. ठिणगीच्या किरणांनी त्यांचा विषारी वायू होतो. बंद टाकीत उतरून आर्गन चालवणे तर एकट्याने कधीच नको. आर्गन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुदमरतो आहे हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

पावसाळ्यात अनवाणी, ओल्या फरशीवर टॉर्च धरू नये आणि अर्थिंग वायरमनकडून पक्के करून घ्यावे. घरगुती मीटरवर धंदा चालवू नये, हेही जाता जाता.

पैसा कोणाचा, मेहनत कोणाची

बऱ्याच घरांत मुलाला हात आहे आणि पैसा मामा-काकांकडे आहे. अशा वेळी मुदारबत करावी. पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची, नफ्याचा वाटा आधी ठरलेला आणि तोटा आला तर पैसा पैसेवाल्याचा व मेहनत मेहनतीवाल्याची बुडाली. आम्ही कागदावर लिहून, दोन गवाहांच्या सह्या घेऊन केली. नात्यात लिहून घेणे काहींना आवडत नाही. माझ्या बहिणीलाही आवडले नव्हते. पण पहिली मशीन बुडाली तेव्हा लिहिलेले काही नव्हते आणि वर्षभर दस्तरखानावर तोच विषय होता. या वेळी तसे झाले नाही.

ज्यांना रीतसर शिकायचे आहे त्यांच्यासाठी श्रद्धानंद पेठेतील शासकीय आय. टी. आय. आहे. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड असून त्याच्या अभ्यासक्रमात आर्गनही येते. पुढे बॉयलरची परीक्षा किंवा बाहेरगावची नोकरी पाहायची असेल तर ते प्रमाणपत्र उपयोगी पडते. घरी हात बसवून मग तिथे जाणारा मुलगा वर्गात पुढे राहतो. नुसते प्रमाणपत्र घेऊन आलेला मुलगा मात्र आमच्या दुकानात पहिल्या दिवशी सुई बुडवतो. दोन्ही हवे.

भाच्याने पहिले मजुरीचे काम आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वजूखान्यावर केले. स्टीलच्या पाईपचा एक सांधा दोन वर्षे गळत होता, कोणी रबर बांधे, कोणी एम-सील लावी. त्याने पाणी बंद करून पाईप सुकवला, एका टोकाने आर्गन आत सोडला आणि सांधा केला. मजुरी घेतली नाही, गॅसचे पैसे कमिटीने दिले. त्यानंतर दोन हॉटेलवाले त्याच नळाशी वजू करताना विचारून गेले.

आता उन्हाळ्यात तो फज्रनंतर लगेच दुकान उघडतो आणि दहाच्या सुमारास आर्गनचे काम बंद करतो. कारण कूलर. कूलरच्या वाऱ्याने टॉर्चसमोरचा गॅस उडतो आणि सांधा कोळशासारखा काळा पडतो, आणि कूलर बंद ठेवून पत्र्याखाली दुपारी कोणी बसू शकत नाही. दुपारी कापणे, घासणे, बफिंग. असरनंतर वारा पडला की पुन्हा टॉर्च. दुकान वाढवताना सिलिंडरची चावी बंद केली की नाही, हे मी अजूनही रोज फोन करून विचारतो.